बिलावर नसलेली वस्तू

मास्तर उजव्या हाताचं पहिलं बोट वर करायचा आणि म्हणायचा, "आला."

डोळे मिटलेले, कानावर हेडफोन, समोर माझ्या टेबलावर त्याचा संगणक. गाणं त्याचंच, त्यानेच घरी रेकॉर्ड केलेलं. सूर वर चढत जायचा आणि ऐन जागेवर, सागाच्या सुकल्या पानावर कुणाचा पाय पडावा तसा एक बारीक आवाज यायचा. टिक. की बोट वर.

"आयकलं का, भाऊ?"

"नाई बा," मी म्हणायचो.

मी ऐकलेला असायचा. पण ऐकला म्हटलं की मान्य केलं, आणि गिऱ्हाइकापुढे एकदा मान्य केलं की तो उरलेलं सगळं त्याच दोरीने ओढून नेतो. मी चामोर्शीच्या बाजारात पोतं अंथरून रेडिओ दुरुस्त करण्यापासून सुरुवात केली. आज माझं पक्क्या भिंतींचं दुकान आहे. नागपूरच्या ऑफिसांनी काढून टाकलेले संगणक आणतो, धुऊनपुसून उभे करतो आणि विकतो. मला हे कुणी हातात दिलेलं नाही. त्यामुळे कुणी मला फसवू पाहतोय अशी नुसती शंका आली तरी माझं डोकं फिरतं. ते लपवत नाही.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, जो भांडत नाही. भांडणाऱ्याशी माझं जमतं. तो दोन शब्द बोलतो, मी चार बोलतो, मग चहा येतो आणि सौदा तुटतो किंवा जुळतो. हा नुसता यायचा, बोट वर करायचा आणि थांबायचा.

आम्ही सगळे त्याला मास्तर म्हणायचो. शाळेतला नव्हता. झाडीपट्टीच्या नाटकांत गाणारा नट होता, आणि पावसाळ्यात नाटकं नसतात तेव्हा पोरापोरींना हार्मोनियम शिकवायचा. दिवाळी झाली की होळीपर्यंत आमच्याकडे गावोगाव नाटकं लागतात. शेतात मंडप पडतो, वडशाच्या नाटक कंपन्या येतात, आणि लोक मैलामैलावरून येऊन बसतात ते नटाच्या तोंडाकडे बघायला कमी, त्याची पदं ऐकायला जास्त. मास्तरला लोक पद पुन्हा म्हणायला लावायचे. मीही त्यात ओरडलेलो आहे.

आता जे मला नंतर कळलं ते तुम्हाला आधीच सांगतो, म्हणजे तुम्ही माझ्यासारखे चुकीच्या बाजूला उभे राहणार नाही. त्याच्या घशात गाठ होती. नागपूरच्या डॉक्टरांनी पोळ्यानंतरची तारीख दिली होती. आवाजाची पेटीच काढणार होते. त्याला त्याआधी आपली चौदा पदं रेकॉर्ड करून ठेवायची होती. वर्षानुवर्षं गाऊनही त्याचं एक धड रेकॉर्डिंग नव्हतं. होते ते लोकांच्या मोबाईलवरचे तुकडे, त्यात पद कमी आणि शिट्ट्या जास्त. चंद्रपूरला स्टुडिओ आहेत, पण त्याचा घसा कोणत्या दिवशी तासभर साथ देईल हे त्याचं त्यालाही माहीत नसायचं, आणि स्टुडिओत गेला असता तर बातमी वडशाला पोचली असती. गळा गेलेल्या गायकाला कंपनी हंगामासाठी घेत नाही. म्हणून घरी, एकट्याने, गुपचूप.

यातलं त्याने मला काही सांगितलं नाही. तो माझा राग आजही गेलेला नाही.

आषाढात आला. म्हणाला, गाणं रेकॉर्ड होईल असा संगणक पाहिजे. मी किंमत सांगितली. सांगितली ती अर्थातच खाली उतरायला जागा ठेवून. त्याने पिशवीतून पैसे काढून टेबलावर ठेवले.

मी म्हटलं, "मास्तर, काही बोलत नाई का?"

"तुमी बोलले ना."

सांगतो ते तुम्हाला चमत्कारिक वाटेल, पण मला अपमान झाल्यासारखं वाटलं. गिऱ्हाईक घासाघीस करत नाही म्हणजे एक तर ते मूर्ख असतं, नाही तर त्याच्या मनात काहीतरी असतं. मी खर्र्याची पन्नी पुढे केली. सुपारी-तंबाखूचा तो घोटलेला मसाला आमच्याकडे पुढे केला की कुणी नाही म्हणत नाही. नाही म्हणणं म्हणजे तुमची ओळख नको म्हणणं. त्याने हात जोडून नको म्हटलं. मी ते मनात ठेवलं. डॉक्टरने बंद करायला लावलंय हे तो बोलला असता तर दोन शब्दांचं काम होतं.

तरी पूर्ण किंमत घेताना हाताला खटकत होतं. म्हणून मी मागे वळलो, खोक्यातून वायफायची एक डोंगल काढली, नखाएवढी, मागच्या खाचेत घालायची, आणि म्हटलं, ही माझ्याकडून. त्याने मागितली नव्हती. बिलावरही लिहिली नाही.

पंधरा दिवसांत पहिल्यांदा परत आला. खताच्या रिकाम्या पोत्यात संगणकाचा डब्बा गुंडाळलेला, वर प्लास्टिक. एसटीत मांडीवर घेऊन आलेला. आमच्याकडे असंच आणतात. स्क्रीन, वायरी, माइक सगळं घरी, फक्त डब्बा दुकानात. मी माझ्या वायरी जोडल्या, माझा माइक लावला आणि अर्धा तास रेकॉर्डिंग चालू ठेवलं. एकही टिक नाही. मग त्याच्या रेकॉर्डिंगमधला टिक त्याने ऐकवला.

मी म्हटलं, "तुमच्या घराशेजारी तांदळाची गिरणी आहे ना?"

"गिरणी जेवाच्या टाइमाले बंद असते. तेवाच गातो मी."

"मग तुमचा माइक."

दुसऱ्या खेपेला माइक आणला. माझ्याकडे तोही स्वच्छ चालला.

त्यानंतर मी जे जे केलं ते मन लावून केलं, हे मात्र खरं. माझ्या दुकानातून गेलेलं मशिन नादुरुस्त म्हणून गावात फिरावं हे मला परवडणारं नव्हतं. आवाजाचं ड्रायव्हर नवं टाकलं. व्हायरस पकडणारा प्रोग्राम काढला. रॅम बदलली. वीज वाचवण्याची सगळी बटणं बंद केली. बफर वाढवला. म्हणजे असं की संगणक आवाज घोटाघोटाने घेतो, तो घोट मोठा केला. त्याने टिक कमी होतो म्हणतात. पण मग मास्तरला हेडफोनमध्ये स्वतःचा सूर उशिरा ऐकू यायला लागला. म्हणाला, "भाऊ, माया मांगून कोणीतरी गाऊन राह्यला असं वाटते." पुन्हा लहान केला.

दरवेळी माझ्याकडे स्वच्छ. दरवेळी घरी टिक. तो डब्बा घेऊन गडचिरोलीच्या एका दुकानातही जाऊन आला. ते मला तिथल्याच माणसाने फोन करून हसत सांगितलं. तिथेही स्वच्छ. याचं मला बरंही वाटलं आणि रागही आला. मग मी ठरवून टाकलं की हा सौदाच चाललाय. आधी किंमत मुकाट दिली, आता महिनाभर हेलपाटे घालून मला थकवणार आणि शेवटी अर्धे पैसे परत मागणार. मी असे लोक पाहिलेले आहेत. खरं सांगायचं तर मीही माल घेताना असं केलेलं आहे. बाजारात ज्याने ज्याने विचारलं त्याला मी सांगायला लागलो, मास्तरपासून जपून राहा.

सहाव्या वेळी तो बाजाराच्या दिवशी आला. दुकानात पाच-सहा माणसं. त्याने डब्बा ठेवला, घाम पुसला आणि खरखरीत आवाजात म्हणाला की काल एकच पद अकरा वेळा गायलो, अकराही वेळा टिक.

मी म्हटलं, "तिथंच सोडून पुढं काऊन नाई जात? कोण आयकते तेवढं?"

"तिथं सम होती, भाऊ."

"मास्तर, मशिनमधी काई नाई. टिक तुमच्या कानात आहे. डॉक्टरले दाखवा."

लोक हसले. त्याने सगळ्यांकडे एकदा बघितलं, पोतं परत डब्ब्यावर ओढलं.

"डॉक्टरले दाखवलं आहे," म्हणाला आणि गेला.

तो सातव्यांदा आला नाही. मी जिंकलो असं मला आठ दिवस वाटलं. मग एक तबलजी चार्जर घ्यायला आला आणि बोलता बोलता म्हणाला, मास्तरचं कळलं का. परवा नागपूरला नेतायत.

मी शटर ओढलं आणि गाडी काढली. नाल्यावरून पाणी वाहत होतं, तिथे पाऊण तास उभा राहिलो. पोचलो तेव्हा गिरणी नुकतीच थांबली होती. वहिनी दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भाऊजी, तुमी आता आले?" बस, एवढंच.

मागची खोली त्याने अशी केली होती की मी बघत राहिलो. चारी भिंतींना धानाची पोती छातीएवढी रचलेली, वर गोधड्या टांगलेल्या. आत गेलं की बाहेरचं जग बंद. मध्ये हार्मोनियम, खुर्चीवर संगणक, आणि फावड्याच्या दांड्याला बांधलेला माइक. मी कुठल्याही स्टुडिओवाल्याला दाखवावी अशी खोली.

"काऊन नाई सांगितलं?" मी म्हटलं.

"तुमचं दुकान बाजारात आहे, भाऊ."

त्या बाजारात त्याच्याविरुद्ध बोलणारा मीच होतो. म्हणून तर राग जात नाही.

त्याने हेडफोन माझ्या कानावर ठेवला आणि गायला लागला. घसा फाटलेला होता, पण सूर जिथल्या तिथे. दीड मिनिट झालं नसेल, टिक. मी त्या आवाजाला पहिल्यांदा समोरासमोर पाहिलं म्हणा. मग पुन्हा. धड ठेका नाही, धड अंतर नाही. कधी मिनिटात दोनदा, कधी चार मिनिटं गप्प, आणि गप्प झाला की वाटायचं गेला.

मी कामाला लागलो. माइकची वायर बदलली. पुढच्या खाचेतून लावून पाहिलं. पंखा बंद केला, ट्यूब बंद केली, घरातला फ्रिज बंद केला. अर्थिंगचा संशय आला म्हणून अंगणात कोपरभर खड्डा खणला, वहिनींनी चुलीतला कोळसा आणि मीठ दिलं, ते घालून तार पुरली, वर बादलीभर पाणी ओतलं. चिखलाच्या हाताने आत आलो. त्याने एक ओळ गायली. टिक.

मशिनच्या पाठीमागे मी किती वेळा हात घातला असेल. एकेक वायर काढली आणि परत लावली. बिलावरची एकेक वस्तू तपासली. मी तपासतो ते बिल धरून. ज्याचे पैसे घेतले त्याची जबाबदारी माझी, ही माझी पद्धत आहे आणि त्या पद्धतीवर दुकान उभं आहे.

गिरणी सुरू व्हायला दहा मिनिटं राहिली. मास्तर म्हणाला, "राहू द्या आता. चौदावं म्हणून टाकतो."

पोत्याला टेकून बसलो. माझ्याजवळ सगळी हत्यारं होती आणि एकाचाही उपयोग नव्हता. रेडिओपासून इथवर मी कधी कुठल्या यंत्रापुढे असा बसलो नव्हतो. तो गायला. तीनदा टिक आला. तो थांबला नाही, बोटही वर केलं नाही. तिसरा टिक आला तेव्हा नुसता माझ्याकडे बघत गात राहिला, आणि मी खाली बघितलं. पद संपवलं आणि लगेच बाहेर गिरणीचा पट्टा फिरायला लागला.

पुरी झालेली नऊ पदं निघाली. बाकीची थांबत-तुटत सोडलेली. नवातलं एकही टिकाशिवाय नव्हतं.

दसऱ्यानंतर वहिनींचा फोन आला. ती गाणी मोबाईलमध्ये घालून द्यायची होती. मी गेलो. मास्तर ओसरीवर बसला होता, अर्ध्याने कमी झालेला. गळ्याला समोर भोक, त्यावर पातळ कापड. श्वास आता तिथून चालायचा. हातात पोरांची पाटी. त्याने लिहिलं, "या भाऊ." मी खाली वाकून वाचलं आणि माझ्या तोंडून उत्तर मोठ्याने निघालं, जणू तो बहिरा झालाय. वहिनी म्हणाल्या, त्यांले आयकू येते.

मी आत जाऊन संगणक लावला. गाणी पेनड्राइव्हवर घ्यायची तर खाच पाहिजे, आणि पुढच्या खाचा धुळीने भरलेल्या. म्हणून मागे हात घातला, हाताला लागली ती डोंगल उपटली आणि त्या जागी पेनड्राइव्ह घातला. गाणी उतरत होती तोवर मी माइक चालू करून रेकॉर्डिंग सुरू केलं. कशाला, तर सवयीने. हरलेली गोष्ट मला सोडवत नाही.

पंधरा मिनिटं गेली. टिक नाही. वीस मिनिटं. नाही.

मी पेनड्राइव्ह काढला आणि डोंगल परत घातली. दुसऱ्या मिनिटाला टिक.

काढली. शांत. घातली. टिक.

त्या गावात वायफाय कुठलं. ती बिचारी डोंगल नेटवर्क शोधत राहायची, आणि शोधताना क्षणभर संगणकाचं लक्ष स्वतःकडे खेचून घ्यायची. तेवढ्यात आवाजाचा एक घोट सांडायचा. दुकानात ती कधी आलीच नव्हती. मी नंतर विचारलं तेव्हा वहिनींनी सांगितलं, एसटीत हरवेल म्हणून मास्तर दरवेळी ती काढून कागदात बांधून देवघरात ठेवायचा. भाऊनं प्रेमानं दिली आहे म्हणायचा.

आणि मी, ज्याने त्या घरातला फ्रिजसुद्धा बंद करून पाहिला, त्या वस्तूला बोट लावलं नव्हतं. तिचे पैसे मी घेतलेच नव्हते. फुकट दिलेल्या वस्तूत खोट असेल हे माझ्यासारख्याला सुचत नाही. आपण विकलेल्या प्रत्येक गोष्टीवर मी संशय घेईन, आपल्या चांगुलपणावर कोण घेतो?

ती खिशात घालता आली असती. कुणाला काही कळलं नसतं. एका घटकेपुरती मी ती मुठीत धरलीही. पण मास्तर दारात येऊन उभा होता, किती वेळ ते माहीत नाही, आणि त्याचे कान शाबूत होते. त्याने टिकही ऐकला होता आणि टिकाचं जाणंही.

मी डोंगल त्याच्या तळहातावर ठेवली. म्हटलं, "हे होती, मास्तर."

त्याने ती उलटीपालटी करून बघितली. पाटीवर लिहिलं, "हे तं तुमी देल्ली."

"होय. मीच."

मी वाट बघत होतो की तो पाटी फेकून मारेल. मारायला हवी होती. माझ्या अंगावर कुणी ओरडलं असतं तर त्या क्षणी मला उभं राहायला जागा मिळाली असती. तो खांदे हलवत हसायला लागला. हसण्याला आवाज नव्हता. गळ्यावरचं कापड फक्त आतबाहेर होत होतं. मग डोळे पुसले की नुसता हात फिरवला, सांगता येत नाही. डोंगल भिंतीतल्या गोखल्यात ठेवून दिली, हार्मोनियमसमोर बसला आणि पाटीवर लिहिलं, "गिरनी बंद आहे. चालू करा."

त्या दिवशी चार पदं वाजवली. मग मी आणखी तीन दिवस दुकान दुपारी बंद ठेवून गेलो आणि चौदाही झाली. नुसती हार्मोनियम. मी हेडफोन लावून पोत्याशी बसायचो. दर ओळीच्या आधी, जिथे गाणारा छाती भरून घेतो नेमक्या तिथे, त्याच्या गळ्याच्या भोकातून श्वास आत जाताना ऐकू यायचा. पूर्ण ओळ पेलेल एवढा श्वास. आणि मग ओळ यायची नाही. बोटं सूर धरून ओळीभर चालत राहायची, शेवटी उरलेला श्वास बाहेर पडायचा, आणि पुढच्या ओळीसाठी पुन्हा आत.

आवाजाची नऊ पदं मी नागपूरच्या एका जाणकाराकडे दिली होती. टिक काढता येतात, पण त्याबरोबर अक्षर जातं, काही ठिकाणी समच जाते, असं तो म्हणाला. मग ही नवी चौदाही त्याच्याकडे पाठवली. चार दिवसांनी त्याचा फोन आला. रेकॉर्डिंग फार स्वच्छ आहे म्हणाला, असं घरी केलेलं फार कमी ऐकलंय. फक्त मध्ये मध्ये कुणाच्यातरी श्वासाचा आवाज येतो, तेवढा साफ करून देऊ का?

दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. मी फोन घेऊन रस्त्यावर आलो आणि त्या भल्या माणसाला, ज्याने माझं काही बिघडवलं नव्हतं, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की त्याला हात लावू नको.